रणकाव्यातील डोळा, कान आणि त्वचा

रघुवंशाच्या सातव्या सर्गात एक लढाई आहे. इंदुमतीचे स्वयंवर आटोपून अज स्वदेशी निघालेला असतो आणि स्वयंवरात हिरमुसलेले राजे त्याची वाट अडवितात. सैन्ये भिडतात. घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ इतकी दाटते की कोणालाच काही दिसेनासे होते. या ठिकाणी कालिदास एक लक्षणीय गोष्ट करतो. रथ ओळखू येतो तो चाकांच्या घरघरीवरून, हत्ती डोलणाऱ्या घंटेच्या नादावरून, आणि आपला कोण व परका कोण हे उमगते ते योद्धे आपापल्या स्वामीचे नाव उच्चारतात त्यावरून. दृष्टीचे काम श्रवणाने पत्करले. परंतु ही स्थिती जेमतेम एका श्लोकापुरती टिकते. पुढच्याच श्लोकात रक्ताचा प्रवाह वाहू लागतो आणि धुळीच्या त्या अंधारात तो उगवत्या सूर्याची जागा घेतो. रणांगण पुन्हा डोळ्यांच्या स्वाधीन होते आणि मग सर्गाच्या शेवटापर्यंत ते त्यांच्याच स्वाधीन राहते.

जगातील प्राचीन वीरकाव्याची रीत बहुधा हीच आहे. ते पाहणाऱ्याचे काव्य असते. इलियडच्या तिसऱ्या सर्गात हेलन ट्रॉयच्या तटावर उभी राहून एकेक ग्रीक वीर ओळखून दाखविते. महाभारतात संजयाला दिव्यदृष्टी लाभते, आणि ती लाभते ती एका अंध राजाला युद्ध ऐकविण्यासाठी. या योजनेतला उपरोध व्यासांना जाणवला नसेल असे मानणे कठीण आहे. आपला शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीवर पोवाडा गातो, म्हणजे माध्यम नादाचे असते. पण तोही श्रोत्यापुढे जे उभे करतो ते दृश्यच. अफझलखानाच्या भेटीचा शामियाना, सिंहगडाचा कडा, उपसलेली तरवार हे सारे पाहावयाचे असते. याचे कारण उघड आहे. पाहण्यासाठी अंतर लागते, आणि अंतराशिवाय भव्यता संभवत नाही. तटावरून, टेकडीवरून अथवा काळाच्या पल्ल्यावरून पाहिलेली लढाईच वीररसाला आलंबन पुरवू शकते. जिभेला, नाकाला, त्वचेला असे अंतर राखता येत नाही. ज्याचा वास आला ते जवळ आलेलेच असते, आणि ज्याचा स्पर्श झाला त्यापासून माघार घेण्याची वेळ टळून गेलेली असते.

१९१४ ते १९१८ या काळात पश्चिम आघाडीवर डोळ्याचे हे साम्राज्य कोसळले. तीन-चार महिन्यांतच ते युद्ध जमिनीखाली गेले. बेल्जमच्या किनाऱ्यापासून स्विस सरहद्दीपर्यंत खंदकांची ओळ तयार झाली आणि तिच्यात उभ्या असलेल्या शिपायाला दिसे ते एवढेच: समोर मातीची भिंत, मागे मातीची भिंत, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. भिंतीवर डोके काढणे म्हणजे नेमबाजाला आमंत्रण. शत्रू पाहावयाचा तो आरशांच्या नळीतून. तारांचे कुंपण दुरुस्त करणे, रसद आणणे, मृतांना उचलणे ही सारी कामे रात्रीच्या अंधारात होत. महिनोन्‌महिने समोरासमोर राहूनही शत्रूचा चेहरा न दिसलेले शिपाई त्या युद्धात थोडे नव्हते.

डोळा निकामी झाला तेव्हा इतर इंद्रियांना नवे शिक्षण घ्यावे लागले. तोफगोळ्याच्या शिट्टीवरून तो डोक्यावरून जाणार की पायाशी पडणार हे कानाने ठरवायचे. जे शिपाई हे लवकर शिकले त्यांना जगण्याची संधी अधिक. सोमच्या लढाईपूर्वी आठवडाभर ब्रिटिश तोफा चालल्या, सुमारे १५ लाख गोळे उडाले आणि त्याचा गडगडाट समुद्रापलीकडे इंग्लंडातही ऐकू गेला. त्यानंतर १ जुलै १९१६ या एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक कामी आले वा जायबंदी झाले. त्यांपैकी १९,२४० मरण पावले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरिन वायू सोडला तेव्हापासून नाकावरही प्राणरक्षणाची जबाबदारी आली. फॉस्जिनला कुजक्या गवताचा वास येतो आणि मोहरी-वायूला लसणासारखा, हे शिपायाने पाठ करावयाचे ज्ञान होते. त्वचेपाशी होते ते चिखल, थंडी आणि उवा. गंधाला आणि स्पर्शाला काव्यशास्त्राने ज्या दुय्यम जागी बसविले होते तेथून युद्धानेच त्यांना उठविले. कवींनी त्याची नोंद घेतली, इतकेच.

ही नोंद मात्र पहिल्या दिवसापासून झालेली नाही. रूपर्ट ब्रूकची १९१४ ची सुनीते युद्धाच्या आरंभी इंग्लंडात घरोघर वाचली गेली. १९१५ च्या ईस्टरला लंडनच्या सेंट पॉल मंदिरातील प्रवचनात त्यांतील एक म्हटलेही गेले. त्याच महिन्यात, २३ एप्रिल रोजी, गॅलिपोलीच्या वाटेवर जंतुदोषाने ब्रूकचा अंत झाला. त्या सुनीतांतील प्रसिद्ध प्रतिमा स्पर्शाचीच आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे: युद्धात उतरणारे तरुण म्हणजे निर्मळ पाण्यात उडी घेणारे पोहणारे. थोड्याच दिवसांत त्या पिढीच्या त्वचेला जे लागले ते निर्मळ पाणी नव्हते. ब्रूकला खंदक लाभले असते तर त्याने काय लिहिले असते, हा प्रश्न इंग्रजी समीक्षेत वारंवार विचारला जातो. त्याला उत्तर नाही आणि ब्रूकवर अन्याय करण्याचेही कारण नाही. त्याची प्रतिमा खोटी नव्हती, ती अनुभवाच्या अगोदरची होती.

अनुभवानंतरची प्रतिमा कशी असते हे विल्फ्रेड ओएनच्या ‘द सेंट्री’ या कवितेत दिसते. १९१७ च्या जानेवारीत ओएन आपल्या तुकडीसह दोन्ही सैन्यांच्या मधल्या ओसाड पट्टीत, पाण्याने भरत चाललेल्या एका जर्मन तळघरात अडकून पडला होता. गोळ्याच्या स्फोटाने पहारेकरी जिन्यावरून खाली कोसळला. हा प्रसंग कवीने त्याच महिन्यात आईला पत्रातून कळविला. कविता मात्र १९१८ साली पुरी झाली. पत्रापासून कवितेपर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला, आणि तेवढ्या काळात प्रसंगातली इंद्रिये आपापल्या जागी बसली. तळघरात वास येतो, पूर्वी तेथे राहून गेलेल्या माणसांचा. पावसाचे आणि चिखलाचे पाणी पायऱ्यांवरून खाली येते आणि कमरेपर्यंत चढत जाते. मग आवाज: धडधडत खाली येणारे शरीर. तो पहारेकरी आपले डोळे गेले म्हणून आक्रंदतो. अधिकारी त्याच्या पापण्यांपाशी ज्योत धरतो आणि अंधुकसा तरी उजेड जाणवतो का ते विचारतो. कवितेच्या शेवटी तो आपल्याला दिवे दिसू लागल्याचे ओरडून सांगतो, आणि त्या वेळी तळघरातले दिवे विझून बराच वेळ झालेला असतो.

कालिदासाच्या धुळीत रक्ताचा सूर्य उगवतो. ओएनच्या तळघरात उजेडाची आशा दिवे विझल्यावर उच्चारली जाते. दोन काव्यपरंपरांमधील अंतर या दोन प्रतिमांत मोजता येते. ओएनने येथे डोळ्याला काव्यातून वगळलेले नाही. त्याला त्याने काव्याचा विषयच केले आहे: न दिसणारा, तरी दिसण्याची भीक मागणारा डोळा. वायुहल्ल्यावरील त्याच्या सुविख्यात कवितेतही हेच घडते. मुखवट्याच्या काचेतून दिसणारा सोबती हिरवट प्रकाशात, जणू समुद्राच्या तळाशी, गुदमरतो. दृश्य आहे, पण ते पाण्यासारखे झाले आहे; डोळा पाहतो आणि हात पोहोचत नाही. त्यानंतर कविता कानाकडे वळते आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी फुप्फुसांतून येणारा आवाज वाचकाला ऐकावयास लावते. होरेसच्या ज्या लॅटिन वचनाने कवितेला शीर्षक पुरविले, ते शाळेत पाठ केलेले वचन या आवाजाशेजारी ठेवले की आपोआप खोटे ठरते. कवीला प्रतिवाद करावा लागत नाही.

ओएनच्या कानाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अनुवादात ती हटकून हरवते. त्याने यमकाचा एक अपुरा प्रकार वापरला, ज्यात व्यंजने तीच राहतात आणि मधला स्वर बदलतो. मराठीत ‘वार’ आणि ‘वीर’, ‘माती’ आणि ‘मोती’ या जोड्या ओळींच्या अंती आल्या तर जे होईल ते येथे होते. कान जुळणीची वाट पाहतो, जुळणी येते आणि ऐन वेळी निसटते. ‘स्ट्रेंज मीटिंग’ ही कविता या निसटत्या यमकांवर उभी आहे. ओवी आणि अभंग यांच्या यमकावर वाढलेल्या मराठी कानाला हे अपूर्णत्व चुकीसारखे वाटण्याचा संभव असतो, आणि सहृदय अनुवादक ती ‘चूक’ सुधारून पूर्ण यमक साधतो. असे केल्याने कवीने जाणूनबुजून नाकारलेले समाधान तो वाचकाच्या पदरात टाकतो. त्यापेक्षा मुक्तछंद पत्करावा.

आयझॅक रोझेनबर्गची गोष्ट याहून वेगळी आहे. तो लंडनच्या ईस्ट एंडमधील गरीब ज्यू कुटुंबात वाढला. स्लेड कलाशाळेत चित्रकला शिकला. सैन्यात साधा शिपाई म्हणून राहिला आणि १ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला. चित्रकाराच्या कवितेत डोळा प्रधान असावा अशी अपेक्षा. त्याच्या उत्तम कविता मात्र कानावर आणि हातावर विसंबलेल्या आहेत. ‘ब्रेक ऑफ डे इन द ट्रेंचेस’ ही कविता १९१६ च्या डिसेंबरात शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकात आली. तिच्यात उंदीर कवीच्या हाताला लागतो, आणि थोड्याच वेळात तो पलीकडच्या जर्मन हातालाही लागेल, ही जाणीव कवीला होते. दोन राष्ट्रांमध्ये उरलेला एकमेव संपर्क एका उंदराच्या अंगाचा. दुसऱ्या एका कवितेत रात्री थकून परतणारे शिपाई वर कान लावतात. अंधारातून मृत्यूच कोसळावयाचा, तर कोसळते चंडोलांचे गाणे. ‘डेड मॅन्स डम्प’मध्ये काटेरी तारांनी लादलेली गाडी मृतांच्या अंगावरून जाते आणि चाकाखाली हाडे मोडल्याचे ऐकू येते. रोझेनबर्ग तेथे हळहळ व्यक्त करीत नाही. रणांगणाच्या दृश्यात मृतदेह हा एक आकार असतो. चाकाच्या आवाजात तो देह होतो.

अशा कवितांना आपल्याकडील समीक्षा बीभत्स रसाच्या खात्यात टाकून मोकळी होते, ते मात्र पटण्यासारखे नाही. जुगुप्सा वाचकाला मागे सरकविते. या कविता त्याला पुढे ओढतात. जुगुप्सेच्या जोडीला त्यांत एक विलक्षण मार्दव आहे आणि त्याचा उगमही स्पर्शातच आहे. जुझेप्पे उंगारेत्ती हा इटालियन पायदळातील शिपाई कार्सोच्या खडकाळ आघाडीवर होता. त्याच्या एका छोट्या कवितेखाली २३ डिसेंबर १९१५ ही तारीख आहे. छिन्नभिन्न झालेल्या सोबत्याच्या प्रेताला लागून त्याने रात्र काढली, आणि त्या रात्री प्रेमाने ओथंबलेली पत्रे लिहिली, एवढाच तिचा आशय. मृताच्या सुजल्या हातांचे सान्निध्य आणि प्रेमपत्र लिहिणारा हात यांच्यामध्ये कवीने एकही ‘म्हणून’ घातलेला नाही. त्याचा पहिला संग्रह १९१६ साली अवघ्या ८० प्रतींत छापला गेला. पूर्व आघाडीवरील गेओर्ग ट्राक्लची अखेरची कविता अजून रंगांची, म्हणजे डोळ्यांची आहे. व्यवसायाने औषधशास्त्री असलेल्या या कवीवर ग्रोडेकच्या लढाईनंतर पुरेशा औषधांवाचून सुमारे नव्वद जखमी सांभाळण्याची पाळी आली, आणि ३ नोव्हेंबर १९१४ रोजी क्राकोच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. खंदकांचे युद्ध त्याने पाहिलेच नाही.

स्पर्शातून येणारी ही करुणा भारतीय परंपरेला अनोळखी नाही. स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला कुरुक्षेत्र दाखवीत असता भूरिश्रव्याच्या पत्नीचा विलाप येतो. अर्जुनाने तोडलेला पतीचा हात ती मांडीवर घेते, आणि त्या हाताने आपल्याला कसकसे स्पर्श केले होते ते आठवते. शृंगाराच्या आठवणी अशा जागी शोभतात काय, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्रकारांना पडला. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात आणि पुढे मम्मटाने काव्यप्रकाशात हे स्थळ उदाहरण म्हणून घेतले, आणि निर्णय असा की अंगभूत झालेला शृंगार येथे करुणाला बाधक नाही, पोषकच आहे. हाताने केलेले सारे आठवते म्हणूनच तो तुटलेला हात असह्य होतो. गेल्या महायुद्धांच्या काव्याविषयी अलीकडे जे लिहिले गेले त्यात शंतनू दास यांचा २००५ चा स्पर्श व सान्निध्य यांवरील ग्रंथ महत्त्वाचा आहे. खंदकांतील साहित्याचा त्यांनी लावलेला अर्थ वाचताना भूरिश्रव्याचा हात आठवल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की महाभारतात तो स्पर्श पत्नीचा आहे. पश्चिम आघाडीवर पत्नी शेकडो मैल दूर होती आणि मरणाऱ्याचा हात सोबत्याच्या हाती होता.

आता एका आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो साध्या टीकाकाराचा नाही. डब्ल्यू. बी. येट्सने १९३६ साली आधुनिक कवितेचा ऑक्सफर्ड संग्रह संपादिला आणि ओएनप्रभृती युद्धकवींना त्यातून वगळले. निष्क्रियपणे सोसलेले दुःख हा काव्याचा विषय नव्हे, अशी त्याची भूमिका होती. पुष्कळांनी तिची संभावना वृद्धाचा हट्ट अशी केली. वस्तुतः येट्सला जे खुपले ते त्याने अचूक हेरले होते. डोळा बाहेर जातो, निवडतो, वळतो, मिटतो; तो कर्त्याचा अवयव आहे. कान मिटता येत नाही. त्वचेला अंगावर पडेल ते घ्यावे लागते. डोळ्याकडून कानाकडे आणि त्वचेकडे सरकलेले काव्य हे सोसणाऱ्याचेच काव्य असणार. येट्सचे निदान बरोबर होते, निवाडा चुकला. ज्या युद्धात मारणाऱ्याला मरणारा दिसत नाही, तेथे सोसणे हेच घडणे असते, आणि कर्तृत्वाचा आव आणणाऱ्या काव्याला दृश्ये कल्पावी लागतात.

या आघाडीवर भारतीयही होते. १९१४ च्या सप्टेंबरअखेर मार्सेयच्या धक्क्यावर उतरलेल्या पहिल्या तुकड्यांपासून युद्धसमाप्तीपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार भारतीय, लढाऊ आणि मजूर धरून, फ्रान्स-बेल्जममध्ये गेले. पहिल्या वायुहल्ल्यानंतर चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजन ईप्रच्या लढाईत उतरली. यांच्यापैकी कोणी ओएन झाला नाही. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांचे अनुभव लेखनिकाला सांगून लिहविलेल्या पत्रांत आहेत, आणि ती पत्रे आज वाचावयास मिळतात ती लष्करी तपासनिसाने उतारे काढून ठेवले म्हणून. काव्येतिहासात असा आश्रयदाता विरळा. या पत्रांत झाडाची गळणारी पाने आहेत, भट्टीत फेकलेले धान्य आहे, महाभारताशी तुलना आहे. आणि एक चवीची प्रतिमा आहे, जी कोणत्याही कवीला भूषण व्हावी: काळे मिरे संपत आले, आता लाल मिरची वापरात आहे. काळे म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. तपासनिसाच्या डोळ्यांत धूळ टाकण्यासाठी स्वयंपाकघरातून उचललेला हा संकेत माणसे वापरून संपविली जात आहेत, हेही जाता जाता सांगतो.

सरोजिनी नायडूंनी १९१५ साली या शिपायांवर कविता लिहिली. ती सद्भावनेने ओथंबलेली आहे, पण दुरून पाहणाऱ्याची आहे. त्याच वर्षी ‘सरस्वती’त आलेली चंद्रधर शर्मा गुलेरींची ‘उसने कहा था’ ही कथा गद्यात असूनही खंदकातील थंडीच्या अधिक जवळ जाते. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कूतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली आणि घोड्याचे मांस खावे की धर्म राखावा हा प्रश्न जिभेवर घेतला. २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे पडले. त्या अनुभवातून मराठीला रोझेनबर्गच्या तोडीची कविता मिळाली नाही. मराठी कवितेत युद्धोत्तर जगाची इंद्रिये प्रथम ठसठशीतपणे उमटली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात, आणि तीही रणांगणावर नव्हे तर शहरात. त्यांची उंदरांची कविता गाजली, तिच्यावर वादंग माजला. रोझेनबर्गचा उंदीर जिवंत आहे आणि दोन सैन्यांत मुक्तपणे हिंडतो. मर्ढेकरांचे उंदीर मेलेले आहेत. भावनानिष्ठ समतानतेचा सिद्धांत मांडणाऱ्या या कवीला प्रतिमेची किळस आणि अनुकंपा एकाच वेळी कशी तोलावी हे ठाऊक होते. त्या वेळच्या टीकाकारांनी बहुधा किळसच तेवढी पाहिली.

ओएन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी साम्ब्र-वाझ कालव्यावर मारला गेला. शस्त्रसंधीच्या घंटा वाजत असताना, ११ तारखेला, तार त्याच्या घरी पोहोचली. १९२० साली त्याच्या आईने रवींद्रनाथांना पत्र लिहिले. शेवटचा निरोप घेताना मुलाने रवींद्रनाथांचे शब्द उच्चारले होते आणि त्याच्या खिशातील वहीत ते लिहिलेले, कवीच्या नावासह, तिला सापडले होते. येट्सच्या प्रस्तावनेसह १९१२ साली इंग्रजीत निघालेल्या ‘गीतांजली’तील, शेवटाकडच्या एका गीताची ती सुरुवात. जाताना सांगून जावे की जे पाहिले त्याला तोड नाही, अशा अर्थाची. आईला एवढेच ठाऊक होते. हे संपूर्ण गीत कोणत्या पुस्तकात मिळेल, असे तिने पत्रात विचारले आहे. त्याच्या उरलेल्या भागात गीत दृष्टीपाशी थांबत नाही. ज्याला स्पर्श करता येत नाही तो साऱ्या देहाला स्पर्शून गेला, असे ते पुढे सांगते.